शेती तोट्यात, पण कोणत्या हिशोबाने?

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. (आता तिथे आयटीवाल्यांचे टॉवर आहेत.) १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली जमीनधारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, आणि निव्वळ शेतीवर बहुतेक घरांचं भागत नव्हतं. पण शेती कार्यक्षम आहे का, हे एकरी मोजण्याची देशभर चालेल अशी पद्धत पुढे चार दशकांनी आली.

१९५४-५५ पासून केंद्र सरकारने शेती व्यवस्थापनाच्या पाहण्या सुरू केल्या. तेव्हाच्या मुंबई राज्यातून नगर आणि नाशिक निवडले गेले, मध्य प्रदेशातून अकोला आणि अमरावती; तेव्हा वऱ्हाड तिकडे होता. पाहणीच्या एका पद्धतीत नोंदणीदार गावातच मुक्कामाला असे. आज कोणत्या तुकड्यात किती माणसं खपली, बैलजोडी किती तास चालली, शेणखत किती पडलं, हे तो रोजच्या रोज लिहून घेई. दुसऱ्या पद्धतीत शेतकऱ्याला आठवेल तेवढं विचारून घ्यायचं.

खर्चाच्या पायऱ्या इथेच ठरल्या. ‘ए-१’ म्हणजे बियाणं, खत, भाड्याचे मजूर, बैल, शेतसारा वगैरे. खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड मिळवला की ‘ए-२’. ‘बी’मध्ये स्वतःच्या जमिनीचा अंदाजे खंड आणि भांडवलावरचं व्याज येतं. ‘सी’मध्ये घरच्या माणसांची मजुरी.

या शेवटच्या पायरीवर सगळं अडलं. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये याच आकड्यांवरून दाखवलं, की घरच्या मजुरीला बाजारभाव लावला तर देशातली बरीचशी शेती तोट्यात दिसते. शेत मोठं तसा नफा वाढतो, पण एकरी उत्पादन मात्र घटतं. म्हणजे एकाच पाहणीतून लहान शेतकरी तोट्यातलाही ठरतो आणि जास्त पिकवणाराही. सेन यांचा खुलासा मला आजही पटतो : मोठा बागायतदार मजुरी परवडेनाशी झाली की खुरपणी थांबवतो, घरचं माणूस थांबत नाही, कारण त्याला दुसरीकडे रोजगार मिळेलच असं नाही. पुढे अर्थतज्ज्ञ अशोक रुद्र यांनी एकेका शेताऐवजी गटवार सरासऱ्या घेण्यावर बोट ठेवलं, इतरांनी लहान तुकड्यांची माती मुळातच कसदार असल्याचं सांगितलं, आणि वाद लांबला.

१९७०-७१ पासून खर्चाची ही मोजणी कायमस्वरूपी योजना झाली. महाराष्ट्रात ती राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. हमीभावाच्या शिफारशी याच आकड्यांवर होतात. २०१८ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट भावाची घोषणा झाली, ती ‘ए-२’ अधिक घरची मजुरी धरून. शेतकरी संघटना ‘सी-२’ मागतात, म्हणजे वरच्या सगळ्या पायऱ्या धरून होणारा पूर्ण ‘सी’ खर्च. घरची मजुरी दोन्हींत आहे. आता वाद आहे तो स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज खर्चात धरायचं की नाही, यावर.