पावशी काळी पडली म्हणजे लोखंड हलकं?

कैऱ्यांचे दिवस आले की गावोगाव ऐकू येतं: पावशी (विळी) काळी पडली, लोखंड हलकं निघालं, वाळूनं घासून पांढरी करा. हे साफ उलटं आहे. काळी पडते ती कार्बनच्या पोलादाची पावशी किंवा सुरी, आणि धार धरावी तर याच पोलादानं. कैरी, लिंबू, अंबाडीतलं आम्ल लागलं की पातं आधी निळसर, मग राखाडी-काळं होतं. हा पातळ थर बोटाला लागत नाही आणि गंजाला थोडाफार अडवतो. वाळूनं तो खरवडला की उघडं पोलाद पुन्हा गंजतं, धार जाते ती वेगळीच.

काढायचा तो तांबडा गंज. बोट फिरवून पाहा, तांबूस भुकटी निघाली तर ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन तेवढीच जागा घासा. चिरून झालं की लगेच धुवा, पुसा. पावसाळ्यात खोबरेलाचा एक थेंब पुरे. जवसाचं तेल जाड लावलं तर सुकून चिकटतं.

धारेसाठी 1000 नंबरचा दगड घ्या. साडेचार सेंटिमीटर रुंद सुरीची पाठ करंगळीच्या जाडीइतकी उचलली की साधारण 15 अंश होतात. पलीकडच्या बाजूला खरखर जाणवली की बाजू बदला. ठिणग्या उडवणाऱ्या कोरड्या चाकावर मात्र देऊ नका: कड तापून निळी झाली म्हणजे पोलादाचं पाणी (कठीणपणा) उतरलं, ती धार आठवडाभरात वळते.