साधा कोलाय जहाल कशाने होतो?

मेलेला पक्षी चिरला आणि हृदयावर, यकृतावर दुधावर साय धरावी तसा पिवळट थर दिसला, की पोल्ट्रीवाले म्हणतात, ‘कोलाय आलाय.’ पण ई. कोलाय हा जिवाणू निरोगी कोंबडीच्या आतड्यातही असतोच. मग एखादाच जहाल का होतो?

बरीच वर्षे उत्तर जिवाणूच्या बाह्य आवरणात शोधले गेले. आजारी पक्ष्यांत ओ१, ओ२, ओ७८ हे गट वारंवार सापडत. त्यातून ओळख पटली, पण कारण कळले नाही.

त्याचा धागा मिळाला तो वेगळ्याच कामातून. १९२५ मध्ये बेल्जियमच्या आंद्रे ग्राशिया यांना दिसले, की कोलायचा एक वाण दुसऱ्या कोलायची वाढ रोखतो. या मारक पदार्थाला पुढे ‘कोलिसिन व्ही’ नाव पडले. व्ही म्हणजे व्हिरुलंट, जहाल. तो मूळ वाणच तसा होता. १९७४ मध्ये इंग्लंडच्या एच. विल्यम्स स्मिथ यांनी दाखवले, की कोलिसिन व्हीची जनुके वाहणारे प्लास्मिड मिळाले की कोलाय कोंबडीच्या पिल्लांना अधिक घातक ठरतो. प्लास्मिड म्हणजे डीएनएचे छोटे, वेगळे कडे; एक जिवाणू ते दुसऱ्याला देऊ शकतो.

साहजिकच संशय कोलिसिनवर गेला. पण हे प्लास्मिड असूनही कोलिसिन बनवू न शकणारे जिवाणूही तितकेच घातक निघाले. दोष त्याच प्लास्मिडवरच्या इतर जनुकांचा होता. मला या इतिहासातला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. पक्ष्याच्या रक्तात लोह मोकळे नसते, प्रथिने ते घट्ट धरून ठेवतात. आणि लोहाशिवाय जिवाणू वाढत नाही. १९७९ मध्ये कळले, की हे प्लास्मिड लोह ओढून घेणारी यंत्रणा पुरवते. त्यातला एरोबॅक्टिन हा रेणू बाहेर जाऊन लोह पकडून आणतो. त्याच वर्षी ‘आयएसएस’ जनुकही पुढे आले. रक्तातल्या जिवाणूनाशक प्रथिनांच्या माऱ्यात ते कोलायला तगवते.

२००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्लास्मिडवरची पाच जनुके जहाल वाणांची खूण म्हणून सुचवली: आययूटीए, एचएलवायएफ, आयएसएस, आयआरओएन आणि ओएमपीटी. तरी एवढ्यावर रोग ठरत नाही. जमिनीवर अंथरलेले तूस ओले राहून शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरू लागले, की अमोनियाने पक्ष्यांच्या श्वासनलिकेचे अस्तर सोललेले असते आणि धुळीबरोबर आलेल्या कोलायला तिथूनच वाट मिळते. शिवाय अशा अनेक प्लास्मिडांवर प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकेही असतात. पाण्यातून सरसकट औषध दिले, की साधे कोलाय मरतात आणि हेच मागे उरतात.