हायड्रॉलिक हँडब्रेक (मोटारक्रीडा)

मोटारशर्यतीच्या गाडीची फक्त मागची दोन चाके क्षणभर जाम करण्यासाठी बसवलेला, ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा हाताचा ब्रेक. रॅली, ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानावर आखलेल्या वळणावळणाच्या वाटेची स्पर्धा) आणि ड्रिफ्टिंग (गाडी मुद्दाम आडवी सरकवत नेणे) या प्रकारांत तो वापरतात. नाव ब्रेकचे असले तरी त्याचे खरे काम वळवण्याचे आहे. गाडी थांबवायला पायाखालचा ब्रेक असतोच.

तत्त्व साधे आहे. टायरला जमिनीवर मिळणारी पकड मर्यादित असते आणि ती वेग कमी करणे व आडवे न सरकणे या दोन कामांत वाटली जाते. चाक जाम झाले की सगळी पकड घासटण्यातच जाते आणि आडवा जोर धरायला काही उरत नाही. पुढची चाके फिरती असल्याने स्टिअरिंग ऐकत राहतात, मागचा भाग मात्र बाहेर फेकला जातो. चालक आधी पायाने ब्रेक मारून वजन पुढे आणतो, स्टिअरिंग आत वळवतो, लिव्हर खेचतो आणि तोंड हव्या दिशेला आले की सोडतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याच वेळी क्लच दाबावा लागतो, नाहीतर इंजिन बंद पडते. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा आस एकमेकांपासून मोकळे व्हावे लागतात; मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ७ मध्ये हँडब्रेक ओढताच मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या आसांत जोर वाटणारी दातेरी चाकांची पेटी) आपोआप मोकळा होण्याची सोय होती.

विदर्भातल्या ट्रॅक्टरवाल्याला यातले अर्धे आधीच येते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल असतात, डाव्या मागच्या चाकाचे एक, उजव्याचे एक. वखरणी करत धुऱ्यापर्यंत पोचला की तो वळायच्या बाजूचा एकच पायडल दाबतो आणि ट्रॅक्टर त्या चाकाभोवती जागच्या जागी फिरतो. वावरातून डांबरी रस्त्यावर येताना मात्र दोन्ही पायडल जोडणारी पट्टी लावायची असते. ती न लावता वेगात ब्रेक मारला तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढून उलटू शकतो. ब्रिटनमधल्या चिखल-चढणीच्या ट्रायल स्पर्धांत मोटारींना हीच युक्ती करतात आणि तिला फिडल ब्रेक म्हणतात. हायड्रॉलिक हँडब्रेक याहून वेगळा एवढ्यासाठी की तो दोन्ही मागची चाके एकाच वेळी आणि सारख्या जोराने धरतो.

गाडीचा मूळ हँडब्रेक या कामाला अपुरा पडतो. केबल ताणली जाते, दोन्ही बाजूंचे लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) सारखे झिजत नाहीत आणि ओढलेला लिव्हर धरून ठेवणाऱ्या दात्यांमुळे तो वरच अडकून बसतो. जुन्या एमजी टी मालिकेच्या आणि मॉर्गनच्या स्पोर्ट्स कारमध्ये उलटी रचना होती. बटण दाबले तरच लिव्हर अडके, एरवी तो सोडताच परत येई. आजच्या हायड्रॉलिक लिव्हरला दाते नसतातच.

रचनेत उभा लिव्हर आणि त्याने ढकलला जाणारा एक छोटा मास्टर सिलिंडर, म्हणजे पिस्टनने ऑइलवर दाब देणारी नळी, असतो. तो मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या पाइपच्या मध्येच जोडतात. लिव्हर सैल असताना पायडलचा दाब या सिलिंडरमधून सरळ पलीकडे जातो. लिव्हर खेचला की पिस्टन सरकून पायडलकडची वाट बंद करतो आणि पुढे अडकलेल्या ऑइलवर दाब देतो. सिलिंडरचा व्यास निवडणे हा हिशेबाचा भाग. हाताने २० किलोचा जोर लावला आणि लिव्हरने तो सहापट केला, तर पिस्टनवर १२० किलो येतात. व्यास १५.९ मिमी असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६० किलो दाब मिळतो, १९.०५ मिमी असेल तर फक्त ४२. लहान व्यासाचा दाब जास्त, पण लिव्हर तितका लांब खेचावा लागतो. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असले तरी ही रचना चालते, आणि भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतात.

सर्वांत जास्त चुका लिव्हर बसवण्यात नाही, पाइपची वाट न समजण्यात होतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग तिरपे असतात. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. अशा गाडीत एकाच पाइपमध्ये सिलिंडर टाकला तर एकच मागचे चाक जाम होते. मग दोन्ही पाइप टी जोडून एक करण्याचा मोह होतो, पण त्याने दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याचा हेतूच संपतो; एक सांधा फुटला की सगळे ब्रेक जातात. योग्य उपाय दोनच. एकतर एका लिव्हरवर दोन सिलिंडर बसवून प्रत्येकाला आपापला मार्ग द्यायचा, किंवा सगळी जोडणी पुढच्या दोन चाकांचा एक मार्ग आणि मागच्या दोन चाकांचा दुसरा अशी बदलून पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण नव्याने जुळवायचे. एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर तीही आड येते, म्हणून शर्यतीच्या गाडीत ती सहसा काढतात.

हिंगणघाट, वणी, अकोट अशा कापसाच्या गावांत लेथ, वेल्डिंग आणि हायड्रॉलिकचे काम जाणणारे मिस्त्री असतातच. रुईच्या गाठी बांधणारे प्रेस हायड्रॉलिकवरच चालतात. नागपूरजवळच्या हिंगण्यात महिंद्राचा ट्रॅक्टर कारखानाही आहे. पण हीच ओळख इथे दगा देऊ शकते. प्रेस किंवा ट्रॅक्टरच्या लिफ्टमधले तेल खनिज असते, ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे. खनिज तेल ब्रेकमध्ये पडले तर पिस्टनवरचे रबरी कप (गळती रोखणारे सील) फुगतात आणि सिलिंडर अडकतो. त्या तेलाचे मापपात्रसुद्धा ब्रेकच्या कामाला वापरू नये.

पाइपचा बाहेरचा व्यास साधारण ४.७५ मिमी असतो. टोकाला फ्लेअर (सांध्यात घट्ट बसण्यासाठी पाइपचे तोंड पसरवून दिलेला आकार) मारताना ती दुमडलेली आहे की गोळ्यासारखी फुगीर, हे समोरच्या सांध्याशी जुळले पाहिजे. आटेही दोन प्रकारचे भेटतात, १० मिमीचे मेट्रिक आणि तीन अष्टमांश इंचाचे. एकाचा नट दुसऱ्यात दोन-तीन आटे जातो आणि बसल्यासारखा वाटतो, पुढे दाबाखाली गळतो. आटे जुळत नसतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे. इथे गळती थांबवते ती फ्लेअर, आटे नव्हेत. लिव्हरखालचा पत्रा पातळ असतो, त्यामुळे खालून जाड पट्टी लावून बोल्ट घ्यावे लागतात, नाहीतर खेचताना पत्राच वाकतो आणि दाब कमी मिळतो. हवा काढताना पायडलबरोबर लिव्हरही मारावा लागतो, कारण आडव्या सिलिंडरच्या वरच्या कोपऱ्यात बुडबुडा दडून बसतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर किमान १५५. पावसाळा सरल्यावर ते बदलून घेणे शहाणपणाचे. काळी कापसाची जमीन ओली असताना सरावाला निरुपयोगी असते. चाक जाम करायची गरजच उरत नाही आणि चिखल ड्रमला लिंपतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून घट्ट मुरमाचे मोकळे मैदान बरे. तिथली बारीक धूळ ड्रममध्ये साचते, ती अधूनमधून उघडून पुसावी लागते.

हा ब्रेक पार्किंगसाठी चालत नाही. कपमधून दाब हळूहळू उतरतो आणि उतारावरची गाडी सुटू शकते. म्हणून मूळ केबल तशीच ठेवतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत, आणि कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे गुन्हा ठरतो. पांदण रस्ता रिकामा दिसला तरी बैलगाडी आणि शाळेची पोरे तिथूनच जातात. तो सरावाचा ट्रॅक नव्हे. देशातल्या अधिकृत स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या नियमांनी होतात. गाडी कोणत्या वर्गात उतरते यावर हा ब्रेक चालेल की नाही हे ठरते, आणि सुरू होण्याआधी तपासनीस गाडीची पाहणी करतात.