डेटा रिकव्हरी (बिघडत चाललेली बाह्य हार्ड डिस्क)

बाह्य हार्ड डिस्क पूर्ण बंद पडण्याआधी तिच्यातील फायली सहीसलामत काढून घेण्याचे काम. अशी डिस्क आणखी किती वेळ वाचता येईल हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा (इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल असलेली एक फाइल) काढायची आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करायचे, हा या कामातला मूळ नियम. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही.

लक्षणे : फोल्डर उघडायला मिनिटे लागणे, कॉपी मध्येच अडकणे, विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करा’ असे सुचवणे. फॉरमॅटला होकार देऊ नये. ‘चेकडिस्क’ हे विंडोजचे डिस्क-दुरुस्तीचे साधनही चालवू नये. दुरुस्ती करताना ते फाइल व्यवस्थेतील (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदवहीतील) नोंदी जागेवरच बदलते, आणि वाचता न आलेल्या नोंदींबरोबर अख्खे फोल्डर नाहीसे होऊ शकतात.

दोष डिस्कचाच आहे का, हे आधी पाहावे. अडीच इंची डिस्कला वीज यूएसबीतूनच मिळते (यूएसबी २.० मध्ये ५०० मिलिअँपिअर, ३.० मध्ये ९००), त्यामुळे सैल केबल किंवा स्वतःची वीज नसलेला हब एवढ्यानेही ती गटांगळ्या खाते. केबल बदलून थेट संगणकाला जोडावी. साडेतीन इंची डिस्कचा १२ व्होल्टचा अडॅप्टर बदलून पाहावा. मग ‘स्मार्ट’ नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते ते आकडे) तपासाव्यात. क्रमांक ५ (बदली दिलेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे छोटे कप्पे), १९७ (निकालाच्या प्रतीक्षेतले) आणि १९८ (दुरुस्त न होणारे) यांचे कच्चे आकडे वाढत असतील तर तबकडीचा पृष्ठभाग किंवा हेड (तबकडीवरचा डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) खराब होत आहे. फक्त १९९ (केबलवरून डेटा नेतानाच्या चुका) वाढत असेल तर संशय जोडणीवर घ्यावा.

आवाज सर्वांत महत्त्वाचा. ठरावीक अंतराने ‘टक्... टक्...’ येत असेल तर हेडला आपली जागा सापडत नाही. बारीक बीप येत राहिली, तर बहुधा हेड तबकडीला चिकटले आहे किंवा मोटर अडकली आहे. दोन्हींत वीज ताबडतोब काढावी. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते. ते टेकले की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि गेलेला थर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही. इथून पुढे काम धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेचे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला घातक आहे. बाहेर काढताच तबकडीवर दव धरते, कोकणातल्या पावसाळी हवेत तर हमखास.

आवाज ठीक असेल तर लिनक्सवरील ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन वापरावे. नेहमीची कॉपी खराब सेक्टरवर डोके आपटत बसते. डीडीरेस्क्यू तिथून उडी मारून पुढचा चांगला भाग आधी उचलते, मग सोडलेल्या पट्ट्यांच्या कडा कुरतडते, आणि शेवटी उरलेले एकेक सेक्टर खरवडते. पहिल्या फेरीला ‘एन’ हा पर्याय द्यावा, म्हणजे खरवडणे टळते. बहुतांश डेटा हाती आल्यावर ‘डी’ (थेट वाचन) आणि ‘आर ३’ (तीन फेरप्रयत्न) देऊन पुन्हा चालवावे.

आज्ञेत मॅपफाइलचे (काम कुठवर आले याची नोंद ठेवणाऱ्या फाइलचे) नाव विसरू नये. ती साधी मजकूर फाइल असते. प्रत्येक ओळीत जागा, लांबी आणि एक चिन्ह : ‘+’ म्हणजे मिळाले, ‘?’ म्हणजे अजून हात लावला नाही, ‘-’ म्हणजे खराब. वीज गेली, डिस्क गरम झाली किंवा यूएसबी तुटली तरी तीच आज्ञा दिली की काम थांबल्या जागेवरून सुरू होते. मात्र पुन्हा जोडल्यावर लिनक्सने डिस्कला दिलेले नाव ‘एसडीबी’चे ‘एसडीसी’ होऊ शकते. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर मूळ डेटावरच लेखन होते, म्हणून दर वेळी मॉडेल व आकार ताडून पाहावा.

प्रतिमेसाठी मूळ डिस्कच्या पूर्ण क्षमतेहून अधिक मोकळी जागा लागते. प्रतिमा ठेवायच्या डिस्कवर फॅट ३२ ही फाइल व्यवस्था चालत नाही, तिथे एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे. निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने तीन तासांच्या आत उतरते. आजारी डिस्कला कित्येक दिवस लागू शकतात.

डबी (बाहेरचे कवच) फोडून आतली डिस्क संगणकातल्या साटा पोर्टला (अंतर्गत डिस्क जोडण्याच्या जागेला) थेट लावणे नेहमी जमत नाही. काही डिस्कवर यूएसबी पोर्ट सर्किट बोर्डावरच डाखलेला असतो. काहींमध्ये डबीतली चिप डेटा कूटबद्ध करते, त्यामुळे तिच्याविना निरर्थक बिट मिळतात. तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड बसवूनही सहसा भागत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळणी मूळ बोर्डावरील रॉममध्ये (कायमची माहिती ठेवणाऱ्या चिपमध्ये) असते. ती नव्या बोर्डावर न्यावी लागते.

प्रतिमा मिळाल्यावर तिची आणखी एक प्रत करावी. एक प्रत फक्त वाचनासाठी माउंट करून (डिस्कसारखी संगणकाला जोडून) पाहावी. विभाजन (पार्टिशन) सापडत नसेल तर ‘टेस्टडिस्क’, फाइल व्यवस्थाच गेली असेल तर ‘फोटोरेक’ हे साधन वापरावे. फोटोरेक फाइलच्या सुरुवातीच्या खुणांवरून तुकडे ओळखते, त्यामुळे नावे आणि फोल्डर परत येत नाहीत. छायाचित्रांचा क्रम त्यांच्यातील एक्झिफ तारखेवरून (कॅमेऱ्याने फाइलमध्येच नोंदलेल्या तारखेवरून) लावता येतो.