मालप्रॅक्टिस (सनद परीक्षांमधली)

मालप्रॅक्टिस म्हणजे परीक्षेत नियमाबाहेर वागणं. महाराष्ट्रात याला कॉपी केस म्हणतात, पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कॉलेजात गेल्यापासून हाच शब्द कानावर पडतो. ही नोंद सीए, वकील अशा, पास झाल्याशिवाय धंदा करता येत नाही त्या परीक्षांपुरती.

चिठ्ठी, मोबाईल, शेजारच्याच्या पेपरात डोकावणं, आपल्या जागी डमी बसवणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमची पोरं अडकतील ती भलतीकडंच. सीएच्या आन्सर बुकात ओळख पटेल असं काहीच लिहायचं नसतं, म्हणजे नाव नाही, फोन नंबर नाही, 'सर प्लीज पास करा' नाही, आणि देवाचं नाव किंवा धार्मिक खूणसुद्धा नाही. आता मराठी शाळेत पहिलीपासून पाटीवर, वहीवर, पेपरवर वर मधोमध 'श्री' काढल्याशिवाय आपला हात पुढं सरकत नाही, एसएसएलसीपर्यंत (म्हणजे कर्नाटकातली दहावी) त्याला कोण काय बोलतही नाही, आणि तोच हात सीएच्या पहिल्या पानावर सवयीनं 'श्री' काढून मोकळा होतो. यात देवाचा राग कुणालाच नाही हो, पेपर कुणाचा ते तपासणाऱ्याला कळू नये एवढंच, कारण ठरवून केलेली खूण आणि भक्तीनं काढलेली खूण कागदावर सारखीच दिसते. म्हणून श्री असो की ७८६, नियम एकच. प्रश्नपत्रिकेवरही रोल नंबर सोडून काही लिहायचं नाही. कॅल्क्युलेटर बॅटरीवरचा, आवाज न करणारा, जास्तीत जास्त ६ फंक्शन, १२ आकडे आणि २ मेमरीवाला.

वकिलांची ऑल इंडिया बार परीक्षा पहिल्यांदा ६ मार्च २०११ ला झाली, ती घ्यायचा बार कौन्सिलचा (वकिलांची देशपातळीवरची संस्था) अधिकार सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला. १०० प्रश्न, मराठीतूनही देता येते. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसता कायद्याचा मजकूर असलेलं पुस्तक, आत नेता येतो, पण नोट्स नसलेला. वर्षभर ज्याच्यावर अभ्यास केला त्या पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असतंच आणि रबरनं पुसलं तरी पानावर ठसा राहतो, त्यामुळं परीक्षेसाठी कोरी प्रत वेगळी घेतलेली बरी.

परीक्षांतल्या गैरप्रकारांवरच्या २०२४ च्या केंद्राच्या कायद्याची धास्ती पुष्कळांनी घेतली. ३ ते ५ वर्षं कैद, १० लाखांपर्यंत दंड, हे आकडे खरे आहेत, पण तो कायदा पेपर फोडणाऱ्या आणि टोळी चालवणाऱ्या लोकांसाठी आहे आणि यूपीएससी, एसएससी (केंद्राची नोकरभरती, दहावी नव्हे), रेल्वे, एनटीए (नीट, जेईई घेणारी संस्था) असल्या परीक्षांना लागतो. परीक्षार्थीवरची कारवाई त्या त्या संस्थेच्या नियमानंच होते, म्हणजे पेपर रद्द, निकाल रद्द, किंवा काही काळ डिबार, म्हणजे परीक्षेला बसायला बंदी. ऐकायला साधं वाटतं, पण आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) संपवून बसलेल्या पोराची एक अटेम्प्ट जाते म्हणजे घरातले महिनेच्या महिने जातात.

म्हणून बाजू मांडायचा हक्क महत्त्वाचा. उत्तर प्रदेश बोर्डाच्या घनश्याम दास गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९६२ मध्ये सांगितलं की गैरप्रकारासाठी निकाल रद्द करायच्या आधी विद्यार्थ्याचं ऐकून घेतलंच पाहिजे. शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस येते ती यासाठीच, तिला मुदतीत आणि लेखी उत्तर द्यावं, 'श्री' सवयीनं लिहिलं असेल तर तसंच सरळ लिहावं. मात्र सेंटरच्या सेंटर कॉपीत सापडलं आणि सगळ्यांचीच परीक्षा रद्द झाली तर एकेकाला वेगळं ऐकायची गरज नाही, असं १९७० च्या बिहार बोर्डाच्या खटल्यात ठरलं, आणि त्यात त्या खोलीत प्रामाणिकपणे पेपर लिहिणाऱ्याचाही पेपर जातो.