गिटारवादक-निर्माता (कोकण किनाऱ्यावरील कामाची पद्धत)

गिटारवादक-निर्माता : स्वतः गिटार वाजवून त्याच गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची, मिश्रणाची आणि अंतिम प्रतीची जबाबदारी घेणारा वादक. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने एकट्याने थरावर थर चढवत मुद्रण करण्याची रीत रुजवली. १९५७ मध्ये त्याच्याकडे अँपेक्स कंपनीचे आठ ट्रॅकचे (आठ स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांचे) टेपयंत्र आले. ब्रिटिश गिटारवादक जिमी पेज लंडनच्या स्टुडिओंत इतरांच्या गाण्यांवर वाजवत शिकला आणि १९६८ पासून लेड झेपेलिन या आपल्या रॉक बँडच्या अल्बमांचा निर्माता झाला. बॉस्टन बँडच्या टॉम शॉल्झने पोलरॉइड कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सांभाळून १९७६ चा पहिला अल्बम बराचसा घराच्या तळघरात मुद्रित केला. कोकणात त्या तळघराची जागा माजघर घेते. वाजवण्याइतकीच मेहनत तिथे हवा, पाऊस आणि वीज यांवर करावी लागते.

वाद्याची निगा. दुपारी खारे वारे सुटले की किनाऱ्यालगतच्या घरात तारा लवकर गंजतात. आधी गंजतात त्या वरच्या सुरांच्या तीन पातळ, साध्या पोलादी तारा. जाड तारा वरून चकचकीत दिसल्या तरी फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) घासून खालच्या बाजूला त्यांना खाचा पडतात. तारेखालून नख फिरवले की त्या कळतात. खाच पडलेली तार सुरात लावली तरी वरच्या फ्रेटवर बेसूर बोलते. म्हणून मुद्रणाच्या आदल्या दिवशी नवा संच (बहुधा ०.०१० ते ०.०४६ इंच) चढवून तारा नीट ताणून घ्याव्यात. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने पुसावी.

पावसाळ्यात नेकचा (मानेचा) बाक बदलतो. तो मोजण्यासाठी सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबावी आणि सातव्या फ्रेटवरचे अंतर पाहावे, ०.२५ मिमीच्या आसपास असेल तर ठीक. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. फिरवल्यावर तारा पुन्हा सुरात लावूनच मोजावे, कारण ताण बदलला की बाकही बदलतो. गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लाकडाला मानवते. रंग बदलणारे जेल स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये, त्यातले काही रंगद्रव्य विषारी असते.

वीज. एका कॉइलचा पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) ५० हर्ट्झच्या विजेची घरघर पकडतो. हमबकर प्रकारच्या पिकअपमध्ये दोन उलट कॉइल ती एकमेकांत जिरवतात. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर गिटारची आतली जोडणी नीट आहे. वाढली तर त्या जोडणीत दोष असण्याचा संभव मोठा. घराचे अर्थिंग हा याहून गंभीर विषय आहे. जांभ्या जमिनीतून पाणी झटकन निचरते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमकुवत होते. खड्ड्यात मीठ-कोळसा असावा आणि उन्हाळ्यात त्यावर पाणी घालत राहावे. गिटार हातात असताना मायक्रोफोनला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर काम तिथेच थांबवून वायरमनला बोलवावे. लाईट गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरची भणभण नंतर काढता येत नाही.

खोली. गिलावा न केलेला चिरा खडबडीत आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे उंच स्वर थोडे विखुरतात. गुळगुळीत सिमेंटच्या खोलीत तेच स्वर चणचणतात. लांबी-रुंदी सारखी असलेली खोली टाळावी. तीन मीटर अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंती ५७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर फुगवतात, आणि दोन्ही दिशांना तीनच मीटर असले की फुगवटा दुप्पट जाणवतो. अँप (गिटारचा स्पीकरसह ध्वनिवर्धक) कोपऱ्यात ठेवू नये. गोधड्या भिंतीला चिकटवण्याऐवजी एक वीत पुढे टांगल्या तर जास्त ध्वनी शोषतात, पण खर्जावर त्यांचाही इलाज चालत नाही. शूअर एसएम ५७ सारखा डायनॅमिक मायक्रोफोन अँपच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, स्पीकरच्या मधल्या टोपीची कड आणि कोन जुळतात तिथे रोखावा. मध्याकडे नेला तर आवाज तिखट होतो, कडेला नेला तर दबतो. बोटभर सरकवल्याने पडणारा फरक इक्वलायझरने (उंच-खालचे स्वर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) भरून येत नाही. घराचा पोकळपणा हवा असेल तर दुसरा मायक्रोफोन पडवीत ठेवावा. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या अल्बमात एका गाण्याचे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्यात मायक्रोफोन टांगून घेतले होते. दर मीटरमागे ध्वनी सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणून दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकून आवाज पातळ होत नाही ना, हे आधी तपासावे.

पावसातले मुद्रण. कौलांवरचा पाऊस हा सर्व कंपनसंख्यांवर पसरलेला गोंगाट आहे. गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) लावून तो फक्त सुरांमधल्या मोकळ्या जागेत गप्प होतो, लांबवलेल्या सुराखाली तसाच राहतो, आणि कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातले अंतर कमी करणारे साधन) लावला की वर येतो. यावर खरा उपाय म्हणजे काम दोन टप्प्यांत करणे. गिटार डीआय बॉक्समधून (अँपशिवाय थेट जोडणी करून देणाऱ्या पेटीतून) थेट इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्रात) घ्यावी, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, सर्वोच्च पातळी उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राखून. वादकाला ऐकू येणारा आवाज संगणकातल्या अँपचा असतो. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा) १२८ सँपल ठेवला तर त्याचा विलंब एका दिशेने २.७ मिलिसेकंद होतो. उघडीप मिळाली की तोच कोरडा ट्रॅक खऱ्या अँपमधून वाजवून मायक्रोफोनने मुद्रित करायचा. याला रीअँपिंग म्हणतात. इंटरफेसचे आउटपुट सरळ अँपला जोडले तर पातळी आणि प्रतिबाधा (इंपीडन्स, विजेच्या संकेताला होणारा विरोध) जुळत नाहीत आणि आवाज कर्कश होतो, म्हणून मध्ये त्या जुळवणारा रीअँप बॉक्स लागतोच. ड्रमर आणि गायक मुंबईला आणि गावी येणार ते गणपतीत, अशा चाकरमानी बँडलाही ही पद्धत फार उपयोगी पडते. कोरडे ट्रॅक पाठवून ठेवता येतात.

भरदार रिदमसाठी तोच भाग दोनदा खरोखर वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतात. एकाच ट्रॅकची नक्कल दोन्हीकडे ठेवली तर आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही.

मिश्रण. या भूमिकेतला सर्वांत मोठा धोका म्हणजे आपलीच गिटार सतत वर ठेवण्याचा मोह. गिटारची धार २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते, आणि शब्द ओळखू येण्यासाठी लागणारी व्यंजनेही बरीचशी तिथेच असतात. मराठी गाण्यात शब्द हरवला तर ऐकणारा दुसऱ्यांदा थांबत नाही. कडव्याखाली गिटार त्या पट्ट्यात दोन डेसिबल उतरवून पाहावे. सहाव्या मोकळ्या तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा. मोबाइलच्या स्पीकरवर तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे मोबाइलवर ऐकून गिटारचा खर्ज ठरवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानाने ऐकावे.

हक्क. ‘निर्माता’ या शब्दाचे दोन अर्थ इथे गोंधळ घालतात. प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती, मग तिने एकही सूर जुळवला नसला तरी. मुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाला संरक्षण दिले. म्हणून कोण कोणत्या अर्थाने निर्माता आहे, हे पहिल्या टेकच्या आधीच कागदावर लिहून घ्यावे.

जतन. मूळ ट्रॅक, डीआय ट्रॅक आणि अंतिम मिश्रण यांच्या तीन प्रती ठेवतात. दोन वेगवेगळ्या डिस्कवर असतात. तिसरी घाटावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे असते, कारण दमट, खाऱ्या हवेत एकाच कपाटातल्या दोन्ही डिस्क बरोबरच खराब होऊ शकतात. दर पावसाळ्याच्या आधी प्रत्येक डिस्क चालू करून दोन-चार फाइली उघडून पाहतात.