जेमिनी ८ आणि त्याआधीचा जानेवारी

१६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांचे जेमिनी ८ हे यान पृथ्वीभोवती फिरता फिरता अचानक गरगरू लागले आणि काही मिनिटांतच दोघांचाही जीव धोक्यात आला. अंतराळातील अपघातांच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी आर्मस्ट्राँगच्या थंड डोक्याचा दाखला म्हणून सांगितला जातो. दाखला खराच आहे. पण त्या थंड डोक्यामागची चार वर्षे ठाऊक नसतील तर तो अर्धवट राहतो.

१९६१ च्या उन्हाळ्यात आर्मस्ट्राँग कामानिमित्त कुटुंबासह सिएटलला असताना त्याची दोन वर्षांची लेक बागेत खेळताना पडली. पडण्याचे निमित्त झाले आणि तपासण्यांत मेंदूच्या देठाशी गाठ असल्याचे कळले. क्ष-किरणांचे उपचार झाले, त्यांनी थोडा आराम पडला, विसरलेली पावले ती पुन्हा टाकू लागली. मग दुखणे उलटले. कोबाल्टच्या किरणांचे उपचारही निरुपयोगी ठरले, आणि २८ जानेवारी १९६२ रोजी, आईवडिलांच्या लग्नाच्या सहाव्या वाढदिवशीच, ती गेली. आर्मस्ट्राँग तेव्हा कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स येथे चाचणी वैमानिक होता. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात तो कामावर परतला. मुलीबद्दल तो सहकाऱ्यांशी बोलत नसे. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या काहींना तर त्याला मुलगी होती हेदेखील पुष्कळ काळ माहीत नव्हते.

पुढचे काही महिने त्याला बरे गेले नाहीत. एप्रिल १९६२ मध्ये एक्स-१५ हे रॉकेट-विमान खाली आणताना त्याने नाक जरा जास्तच वर धरले, विमान विरळ हवेवरून उसळले, वळेनासे झाले आणि उतरण्याची जागा मागे टाकून थेट लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेनाच्या आकाशापर्यंत वाहवत गेले. तेथून त्याने ते इंजिनाविना कसेबसे परत आणले. त्याच सुमारास इतरही एकदोन फजित्या झाल्या. चरित्रकारांनी या चुकांचा धागा पुत्रीशोकाशी जोडला आहे. मला ते निम्मेच पटते, कारण चाचणी वैमानिकांच्या धंद्यात चुका व्हायला शोकाची गरज नसते. मात्र त्याच उन्हाळ्यात त्याने अंतराळवीर होण्यासाठी अर्ज केला, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अर्जाची मुदत १ जूनला संपली होती आणि त्याचा अर्ज उशिरा पोहोचला. एडवर्ड्सच्या एका जुन्या सहकाऱ्याने तो हळूच गठ्ठ्यात सरकवला. सप्टेंबरमध्ये निवड झालेल्या नऊ जणांत त्याचे नाव होते.

त्या पेशात मरण नित्याचे होते आणि शोकाला फारशी सवड नव्हती. जेमिनी ५ च्या राखीव चमूतील आर्मस्ट्राँगचा जोडीदार एलियट सी हा २८ फेब्रुवारी १९६६ रोजी चार्ल्स बॅसेटसह विमान अपघातात ठार झाला. सेंट लुईस येथे उतरताना त्यांचे विमान ज्या इमारतीवर आदळले, तिच्यातच त्या दोघांसाठी जेमिनी ९ हे यान तयार होत होते. त्यानंतर सोळा दिवसांनी जेमिनी ८ उडाले.

उड्डाणानंतर साडेसहा तासांनी यान अजीना या मानवरहित लक्ष्ययानाला जोडले गेले. अंतराळात दोन याने जोडण्याची ही पहिलीच वेळ होती. यान जमिनीवरील केंद्रांच्या टप्प्याबाहेर जाऊन संपर्क तुटण्याआधी सांगण्यात आले होते, की काही बिघडलेच तर अजीना बंद करून ताबा आपल्याकडे घ्या. त्यामुळे अर्ध्या तासाच्या आतच स्कॉटला यंत्रावर यान कलंडलेले दिसले, तेव्हा दोघांनीही साहजिकच अजीनाला दोषी धरले. त्यांनी जोड सोडवली, तर गिरक्या उलट वाढल्या, कारण दोष जेमिनीच्याच आठव्या क्रमांकाच्या थ्रस्टरमध्ये, म्हणजे यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनात, होता. तो चालू स्थितीत अडकला होता आणि आता त्याला ढकलायला निम्मेच वजन उरले होते. यान सेकंदाला जवळपास एक गिरकी घेऊ लागले. समोरचे आकडे धूसर होऊ लागले. शुद्ध हरपली असती तर सोडवायला कोणी येणार नव्हते. आर्मस्ट्राँगने मुख्य थ्रस्टर बंद केले आणि वातावरणात शिरताना यान सावरण्यासाठी राखून ठेवलेली नाकाकडची वेगळी यंत्रणा चालू केली. यान स्थिर झाले. पण राखीव इंधनाचा मोठा भाग त्यात खर्ची पडला आणि नियमानुसार मोहीम तेथेच आटोपती घ्यावी लागली. पावणेअकरा तासांच्या आतच यान प्रशांत महासागरात उतरले, आणि जहाज येईपर्यंत दोघे अंतराळवीर लाटांवर हेलकावे खात, ओकाऱ्या काढत बसले.

त्या संध्याकाळी ह्यूस्टनमध्ये आर्मस्ट्राँगची पत्नी जॅनेट घरी दिलेल्या ध्वनिक्षेपकावर संभाषण ऐकत होती. संकट ओढवताच तो बंद करण्यात आला. ती तडक नियंत्रण केंद्रावर गेली, तर तिला आत सोडले नाही. वाईट बातमी चाळून द्यायची, हा त्या काळच्या व्यवस्थेचा स्वभावच होता, आणि तो एकट्या अमेरिकेचा नव्हता. १९७८ मध्ये सॅल्यूत ६ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर असलेल्या अंतराळवीर गिओर्गी ग्रेच्कोचे वडील वारले, तेव्हा सोव्हिएत नियंत्रकांनी ते त्याला कळू दिले नाही. ९६ दिवसांची मोहीम संपवून तो जमिनीवर आल्यानंतरच त्याला सांगण्यात आले.

पुढे मुक्काम महिनोन्महिन्यांचे झाले, घरच्यांशी बोलणे रोजचे झाले, आणि लपवणे अशक्यही झाले व अनुचितही ठरले. १९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकी अंतराळवीर डॅनियल टानी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असताना त्याची नव्वदीतली आई इलिनॉय राज्यात रेल्वे फाटकावरील अपघातात गेली. त्याला ते लगेच सांगण्यात आले. एरवी तो त्याच सुमारास परतला असता, पण त्याला आणायला जायचे अटलांटिस हे शटल इंधन-संवेदकांच्या बिघाडामुळे जमिनीवरच अडकले होते. अंत्यविधीला जाणे शक्यच नव्हते. सहा आठवड्यांनी, ३० जानेवारी २००८ रोजी, तो सहकारी अंतराळवीर पेगी व्हिटसनबरोबर स्थानकाबाहेर पडला आणि सौरपंखाच्या बुडाशी असलेली नादुरुस्त मोटर त्या दोघांनी बदलली. २० फेब्रुवारीला तो घरी आला.